तांब्यावरची जमीन

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या कामासाठी पाया खणताना एक ताम्रपट निघाला. किल्ला इंग्रजांच्या ताब्यात येऊन जेमतेम तेरा वर्षं झाली होती. १७७४च्या डिसेंबरात त्यांनी तो मराठ्यांकडून घेतला होता. ताम्रपट मात्र त्या दोघांच्याही फार आधीचा, शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९चा, म्हणजे इसवी सन १०१७मधला. जनरल कार्नाकमार्फत तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपर्यंत गेला. तिथे रामलोचन पंडितांनी त्यातलं संस्कृत उलगडून सांगितलं, आणि १७८८ साली निघालेल्या सोसायटीच्या संशोधनग्रंथाच्या पहिल्या खंडात त्याचं इंग्रजी भाषांतर छापून आलं. आपल्या मुलखातले जे लेख युरोपीय विद्वानांनी अगदी आरंभी वाचले त्यांतला हा एक.

कार्तिकी पौर्णिमेला दिलेलं जमिनीचं दान त्यात नोंदलं आहे. राजाची वंशावळ, बिरुदं, दान मोडणाऱ्याला शाप, हे सगळं रीतीप्रमाणे आहे. पण मधे एके ठिकाणी दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा येतात आणि लेखाचा सूर एकदम बदलतो. पूर्वेला एक गाव आणि डोंगरावरून पडणारं पाणी. दक्षिणेला गावं, पश्चिमेला नदी, उत्तरेला पुन्हा गावं. बिरुदांच्या गर्दीतून बाहेर पडून आपण अचानक उघड्यावर येतो. एक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्या जागी उभं राहून चारी दिशांना पाहिलं होतं, आणि ते पाहणं छिन्नीनं तांब्यात गेलं होतं.

उत्तर कोकणात जमीन तांब्यावर आली ती अशी, शब्दांतून. चित्र काढायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण ज्याला जमीन मिळायची त्याला ती ठाऊकच होती. चित्राची गरज लागते ती जमीन ज्यानं पाहिलेली नाही त्याला. असा माणूस दूर लंडनमध्ये बसलेला होता, आणि त्याच्यासाठी कोकणची जमीन दुसऱ्यांदा तांब्यावर यायची होती. ती कशी आली, किती आली, आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंत का पोचली नाही, हे मला सांगायचं आहे.

ताम्रपट सापडल्यावर चारच वर्षांनी, १७९१च्या पावसाळ्यात, जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला. जन्म १७४७चा, म्हणजे वय चव्वेचाळीस. माणसांची तैलचित्रं काढून पोट भरायचं हा त्याचा मुख्य बेत. तो बेत साधलाही. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीनं तो पेशव्यांच्या दरबारात पोचला. सवाई माधवराव आणि शेजारी नाना फडणवीस हे जे चित्र शाळेच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीचं आहे, ते वेल्सचं. मूळ चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. नानांचा तो लांबट, सावध चेहरा आपल्या डोळ्यांपुढे आहे तो या माणसामुळे.

पण मुंबईत उतरल्यावर पहिल्या दोन वर्षांत त्यानं आणखी एक काम केलं, आणि माझ्या मते त्याचं खरं मोल तिथे आहे. तो बेटावर फिरला. शीवच्या किल्ल्यावर चढला, घारापुरीला गेला, महालक्ष्मी-वरळीच्या मधल्या खिंडारावर बांधलेल्या बांधावर उभा राहिला. हा बांध तेव्हा नवा होता. ज्याला पुढे हॉर्नबी वेलार्ड म्हणू लागले तो हाच. भरतीचं पाणी बेटाच्या पोटात शिरायचं थांबून फार दिवस झाले नव्हते. बेलमाँट नावाच्या उंच जागेवरून त्यानं बंदराकडे आणि आसपासच्या मुलखाकडे वेगवेगळ्या दिशांनी पाहिलं आणि ते सगळं रेखाटलं. त्यातून बारा चित्रं झाली. ‘मुंबई बेट आणि त्याच्या परिसराची बारा दृश्यं’ या अर्थाच्या नावानं ती १८०० साली लंडनमध्ये पुस्तकरूपानं निघाली. चित्रं एचिंगची आहेत, छापल्यावर हातानं रंग भरलेली. पाणी, माड, गलबतं, टेकाडं, आणि पाण्यापलीकडे, कागदाच्या वरच्या भागात, सह्याद्रीच्या पुढच्या डोंगरांची फिकट ओळ.

ती फिकट ओळ नीट बघायला हवी. त्यासाठी आधी एचिंग होतं कसं ते समजून घेऊ.

विश्वकोशात याला अम्लरेखन म्हटलंय, आणि शब्द अगदी नेमका आहे; पण छापणारे एचिंगच म्हणतात. तांब्याचा सपाट पत्रा घ्यायचा. तो आरशासारखा घासून घ्यायचा, कारण राहिलेला प्रत्येक ओरखडा पुढे कागदावर उमटतो. मग पत्रा गरम करून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांचं मिश्रण पातळ पसरायचं. ते गार झालं की पत्रा उलटा धरून खालून मेणबत्तीची काजळी द्यायची. सगळा पत्रा काळा होतो. आता त्यावर सुईनं चित्र काढायचं. सुईला जोर लावावा लागत नाही. ती फक्त मेण खरवडते, आणि जिथे मेण गेलं तिथे खालचं तांबं लखकन दिसतं. काळ्यावर तांबूस सोनेरी रेघ. हात कागदावर चालावा तसा मोकळा चालतो. छिन्नीनं तांबं कोरणाऱ्याला ही मोकळीक नसते. त्याच्या प्रत्येक रेघेत मनगटाचा जोर असतो आणि वळण घेताना पत्राच फिरवावा लागतो. म्हणून कोरलेली रेघ आखीव असते. सुईची रेघ थरथरते, अडखळते, पानासारखी हलते. झाडं, गवत, ढग, खडक यांना ती मानवते.

मग पत्रा तेजाबात. सोनार सोनं निवडायला वापरतात तेच शोऱ्याचं तेजाब, पाणी घालून सौम्य केलेलं. मेण आहे तिथे तेजाब शिरत नाही. उघड्या रेघांत शिरतं आणि तांबं खातं. रेघांवर बारीक बुडबुडे धरतात. ते पक्ष्याच्या पिसानं हलकेच सारावे लागतात, नाहीतर खाणं सारखं होत नाही. जितका वेळ तेजाबात, तितकी रेघ खोल. जितकी खोल, तितकी शाई जास्त धरणार आणि कागदावर तितकी काळी उमटणार.

आणि इथेच निसर्गदृश्याचं गुपित आहे. पत्रा थोडा वेळ बुडवून बाहेर काढायचा, धुवायचा, आणि दूरच्या डोंगरांच्या रेघांवर वार्निश लावून त्या बुजवून टाकायच्या. त्यांचं खाणं संपलं. पुन्हा तेजाबात. आता मधली झाडं, घरं खोल होतात. पुन्हा बाहेर, ती बुजवायची. उरतं ते अगदी समोरचं, पायाजवळचं झुडूप, खडक, उभा माणूस. त्याला सगळ्यात जास्त वेळ. शेवटी मेण पुसून पत्र्यात शाई चोळायची, वरची शाई जाळीदार कापडानं आणि मग तळहातानं पुसायची, ओलसर कागद ठेवून वर लोकरीचं जाड कापड घालून दोन रुळांच्या दाबाखालून काढायचं. कागद उचलला की दूरचा डोंगर फिकट आणि जवळचं झाड काळंभोर. चित्रातलं अंतर तेजाबातल्या वेळानं मोजलं जातं. दूरची जमीन म्हणजे जिला वेळ कमी मिळाला ती.

हे तंत्र आधी चित्रकारांचं नव्हतंच. जर्मनीत ऑग्सबर्गकडे चिलखतांवर आणि तलवारींवर नक्षी काढणारे कारागीर तेजाब वापरत, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावर डॅनियल हॉपफर या तिथल्याच कारागिरानं ते छपाईत आणलं. सुरुवातीला पत्रेही लोखंडाचे होते. ड्यूररनं १५१८ साली तोफेचं निसर्गदृश्य छापलं ते लोखंडावरून. पुढे दोनचार वर्षांत आल्टडॉर्फरनं नुसते देवदार, डोंगर आणि दूरचे वाडे काढले. गोष्ट नाही, संत नाही, फक्त जमीन. युरोपात छापलेलं निसर्गदृश्य स्वतःच्या पायावर उभं राहिलं ते एचिंगच्या आधारानं. टप्प्याटप्प्यानं तेजाब देण्याची युक्ती सतराव्या शतकात फ्रान्सच्या जाक कालोनं पक्की केली. आणि रेम्ब्रांटनं १६४३ साली तीन झाडांचं ते चित्र केलं, ज्यात डाव्या कोपऱ्यात पावसाच्या सरळ तिरक्या सरी पत्र्याला चिरत खाली येतात. जव्हारचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला त्या सरी परक्या वाटणार नाहीत.

वेल्स मुंबईत आला तेव्हा या सगळ्याला पावणेतीनशे वर्षं होऊन गेली होती, आणि तांबं तर आपल्याकडे घरोघर होतं. पुण्यात तांबट आळी होती. हंडे, कळश्या, बंब यांच्या मठारकामाचा ठोक दिवसभर चाले. तेजाब सोनारांकडे होतं. मेण, राळ, काजळी यांना कसली वाण? मग प्रश्न असा की पुण्या-मुंबईत एचिंग रुजलं का नाही.

तांबट आळीचं नाव घेतलं की गंगाराम चिंतामण तांबट आठवतोच. पेशव्यांच्या पुण्यातला हा चित्रकार. १७९०च्या सुमारास त्यानं पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला आहे. तो आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मॅलेटनं त्याला वेरूळ-कार्ल्याची लेणी काढायला लावलं, आणि वेल्स आल्यावर तो वेल्सच्या हाताखाली काम करू लागला. रॉबर्ट मेबन हा आणखी एक सहायक. आडनावानं तांबट असलेला, हातात चित्रकला असलेला, आणि शेजारी एचिंगची चित्रं काढणारा गुरू असलेला हा माणूस. इतके धागे एका जागी आलेले पाहिले की जीव हळहळतो. त्यानं काढलं ते कागदावर. तांब्याच्या पत्र्यावर जमीन काढायची पाळी त्याच्यावर आली नाही.

तांब्यावर दुसरंच काही आलं. मॅलेटच्या प्रोत्साहनानं पुण्यातला एक तांबट तांब्याच्या पत्र्यांवर देवनागरी अक्षरं उलटी कोरायला शिकला, आणि गीता छापायचा विचार नाना फडणवीसांच्या डोक्यात आला. मॅलेट परत गेला, १८०० साली नाना वारले, पुण्यात दौलतच डळमळली. तो कारागीर मिरजेला गेला. तिथे पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. मराठी मुलखातल्या छपाईच्या इतिहासातलं हे मोठं पाऊल आहे आणि त्याचं मोल मी कमी करत नाही. पण निवड काय झाली ते पाहा. तांब्यावरून पहिल्यांदा शंभर प्रती काढायची सोय हाती आली, तेव्हा आपण अक्षर काढलं. अरिकेसरीच्या ताम्रपटाचाच तो वारसा. तांबं हे आपल्याकडे शब्दाचं घर होतं.

याला दुसरंही कारण आहे आणि ते अगदी व्यवहारी आहे. एचिंगला प्रेस लागतो, ओल धरणारा जाड कागद लागतो, आणि प्रती विकत घेणारं गिऱ्हाईक लागतं. थॉमस डॅनियलनं १७८६ ते १७८८ या काळात कलकत्त्यात शहराची बारा चित्रं पत्र्यावर करून तिथेच छापली, तेव्हा तो टेकीला आला होता. चित्रकार, खोदकाम करणारा, तांबट, छापणारा आणि छापखान्यातला पोऱ्या ही सगळी कामं आपल्यालाच करावी लागली, असं त्यानं मित्राला पत्रानं कळवलं होतं. राजधानीत ही अवस्था, तर पुण्यात काय असणार? हाच डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७९३ साली मुंबईत आले आणि वेल्सला भेटले. तिघे मिळून घारापुरी, कार्ले आणि साष्टीची लेणी पाहून आले. डॅनियल मंडळी मग मायदेशी निघून गेली. वेल्स राहिला, वेरूळची चित्रं काढत राहिला.

१७९५च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरात, वेल्सही गेला. साष्टीच्या लेण्यांत काम करताना अंगात भरलेला ताप त्याला पेलला नाही. ज्या पेशव्याचा चेहरा त्यानं जगासाठी टिकवला तो एकवीस वर्षांचा मुलगा आणि त्याचा चित्रकार एकाच हिवाळ्याच्या तोंडाशी संपले. वेल्सची मुलगी सुझाना हिनं १७९९ साली मॅलेटशी लग्न केलं. वेल्सच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं लंडनमध्ये चोवीस चित्रं करून १८०३ साली छापली. ती अॅक्वाटिंटची. यात पत्र्यावर राळेची भुकटी धरवून तेजाब देतात, त्यामुळे रेघेऐवजी सावलीची पातळ पुटं मिळतात. बाह्यरेषा मात्र आधी एचिंगनंच काढतात. लेणी आपली, डोंगर आपला, रेखाटणारे हात थोडे आपलेही; पत्रा, तेजाब आणि शाई लंडनची.

यानंतरच्या तीस वर्षांत पश्चिम भारताची निसर्गदृश्यं छापण्याची लाटच आली. विल्यम वेस्टॉल हा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या जहाजावरचा चित्रकार १८०४च्या सुमारास मुंबईत उतरला आणि घाट चढून मराठी मुलखात गेला. त्याच्या रेखाटनावरचा बोरघाटाचा देखावा पुढे कॅप्टन ग्रिंडलेच्या पश्चिम भारतावरच्या चित्रसंग्रहात आला. तो संग्रह १८२६ ते १८३० या काळात भागाभागानं निघाला. हे चित्रकार कुठे गेले त्याची यादी केली तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. घारापुरी, कान्हेरी, कार्ले, वेरूळ, बोरघाट, पुणं. लेणं, किल्ला, बंदर किंवा पलटण जाणारा घाट. जिथे रस्ता जात होता तिथे सुई गेली.

जव्हार-मोखाड्याला असा रस्ता नव्हता. मुंबईहून नाशिकला जाणारी मोठी वाट शहापूर-कसाऱ्यावरून थळघाटानं चढायची. हा मुलूख तिच्या उत्तरेला बाजूला राहायचा. उत्तर कोकणातून त्र्यंबकाकडे चढणाऱ्या बैलांच्या वाटा होत्या, पण त्या व्यापाऱ्यांच्या आणि वाटसरूंच्या. सुरतेला जाताना १६६४च्या आरंभी शिवाजी महाराजांचा मुक्काम शिरपामाळला पडला आणि राजे विक्रमशहा त्यांना तिथे येऊन भेटले, अशी जव्हारची परंपरा आहे. त्यापुढचं शतक संस्थानाला ओढाताणीचं गेलं, मराठ्यांनी त्याचा बराच मुलूख काढून घेतला. वेल्स मुंबईत सुया परजत होता तेव्हा जव्हार हे डोंगरातलं एक आक्रसलेलं कोळी राज्य होतं. मोखाडा पुढे इंग्रजी अमलात शहापूर तालुक्याचा पेटा झाला.

या राज्याच्या उगमाची कथा १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे, आणि या विषयात ती मला फार महत्त्वाची वाटते. जव्हार आधी एका वारली नाईकाच्या ताब्यात होतं. पौपेरा नावाचा कोळी, ज्याला परंपरा जयाबा म्हणून ओळखते, त्याच्याकडे आला आणि त्यानं बैलाच्या कातड्याएवढी जागा मागितली. नाईकानं हो म्हटलं. जयाबानं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकाला एक जोडल्या, आणि त्या लांबच लांब वादीनं नाईकाची सगळी जागा वेढून टाकली. त्याच्या मुलाला, नेमशहाला, १३४३ साली दिल्लीच्या सुलतानानं राजा मानलं असं सांगतात. अशी कथा जगात इतरही राजघराण्यांबद्दल सांगितली जाते. पण इथे तिचा अर्थ अगदी उघडा आहे. जाड कातडं कापून बारीक केलं की त्याची रेघ होते, आणि ज्याच्या हाती रेघ त्याच्या हाती जमीन. हे वारली नाईकाला उशिरा कळलं.

इंग्रजांना ते आधीपासून ठाऊक होतं. म्हणून या डोंगरांची चित्रं निघाली नाहीत तरी नकाशे निघाले. १८२७पासून ‘अॅटलास ऑफ इंडिया’चे तक्ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापायला सुरुवात झाली होती, एका इंचाला चार मैल या मापानं. त्या मालिकेत डोंगर दाखवायची रीत अशी होती की उतार जिकडे जातो तिकडे बारीक बारीक रेघा ओढायच्या. उतार तीव्र तितक्या रेघा दाट. सुरवंटाच्या केसांसारख्या दिसणाऱ्या या रेघांत सह्याद्रीचं हे अंग तांब्यावर आलं. नदी कुठून वाहते, गाव कुठे आहे, चढ कुठे उभा आहे, सगळं त्यात कळतं. एक झाड दिसत नाही. माणूस तर नाहीच.

वैशाखाच्या अखेरीला जव्हारच्या हनुमान पॉइंटवर उभं राहा. समोर दरी उतरते, पलीकडे एकामागे एक डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर दूर माहुलीचे सुळके. पाऊस अजून पडलेला नसतो. उतारांवर जागोजाग काळे चौकोन दिसतात. ते राब भाजलेले असतात. फांद्या, पातेरा, शेणगोवऱ्या पसरून जमीन जाळायची, म्हणजे नागली-वरईचं आणि भाताचं रोप तिथे जोमानं उगवतं. पहिल्या सरींनंतर आठदहा दिवसांत त्या काळ्या चौकोनांत हिरव्या रेघा फुटतात. काजळी दिलेल्या पत्र्यावर सुई चालल्यावर असंच काहीसं होतं. निसर्गदृश्य एचिंग करणाऱ्याला जे जे हवं, थरांमागे थर, खडकांची फूट, सरळ कोसळणारा पाऊस, धुक्यात विरणारी कडा, ते सगळं इथे आहे. दाभोसाचा धबधबा आहे, सूर्यमाळ आहे, वैतरणेचं खोरं आहे. अरिकेसरीच्या लेखातलं डोंगरावरून पडणारं पाणी कुठलं होतं ते ठाण्याजवळच शोधायला हवं. पण त्या ओळीचा अर्थ डोळ्यांनी पाहायचा तर पावसाळ्यात इकडे यावं.

चित्रकार आले नाहीत म्हणून या जमिनीचं चित्र निघालं नाही, असं मात्र समजू नये. वारल्यांच्या घरात लग्न ठरलं की कुडाची भिंत शेणानं सारवतात, गेरूनं लाल करतात. तांदूळ भिजवून वाटतात. बांबूची काडी टोकाशी चावून तिचा कुंचला करतात. सवाशिणी चौक काढतात. मधे पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिरा देव, आणि चौकटीबाहेर सगळा मुलूख. ताड, त्यावर चढणारा माणूस, शिकार, नांगर, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर, मुंग्या, मोर. धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी बाई, गाणं म्हणते आणि मगच लग्न लागतं.

त्या भिंतीसमोर उभं राहून वेल्सची चित्रं आठवावीत. वेल्सच्या चित्रात एक जागा आहे जिथे पाहणारा उभा आहे, आणि तिथून जे जे लांब ते ते फिकट. वारली भिंतीवर पाहणाऱ्याची जागाच नाही. डोंगर, झाड, माणूस, मुंगी सगळ्यांची रेघ सारख्याच पांढऱ्या पिठाची. क्षितिज नाही. कुणाला तेजाब कमी मिळालेलं नाही. एचिंग करणारा काळ्यातून खरवडून रेघ काढतो. या बाया लालावर रेघ ठेवतात. दोन्ही जमिनीचीच चित्रं. पण एक बाहेरून येऊन पाहणाऱ्याचं आहे आणि दुसरं तिथे राहणाऱ्याचं. मला विचाराल तर अंतर दाखवता न येणं ही वारली चित्राची उणीव मानणारे समीक्षक चुकले. ज्या जमिनीत नागली पेरायची, जिच्यात वाघदेव बसवलेला, ती जमीन फिकट दाखवायची कशाला?

ही भिंतीवरची रेघ कागदावर यायलाही बाहेरचा माणूस लागला, पण या वेळचा माणूस निराळा होता. भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकारानं १९६६च्या दुष्काळात बिहारात मधुबनीला जाऊन तिथल्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला कागद दिले होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तो डहाणू तालुक्यात गंजाडला आला. तिथे जिव्या सोमा म्हशे भेटले. म्हशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री; २०१८च्या मे महिन्यात ते गेले. लग्नाच्या चौकापुरती असलेली, बायकांच्या हातची रेघ त्यांच्या हातून रोजच्या जगण्याकडे वळली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला, आणि जव्हार-मोखाडा त्यात आले. त्याच वर्षी मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला मिळू लागलं. मोडक सागराचं पाणी १९५७पासून जातच होतं.

ज्या बेटाचं चित्र वेल्सनं काढलं, त्या बेटावर आता माणसं पाणी पितात ते या डोंगरांतलं. वेल्सच्या बारा चित्रांतले फिकट डोंगर दक्षिणेकडचे. जव्हार-मोखाड्याचे डोंगर तर त्या कागदाच्या कडेबाहेर राहिले.

मुंबईत सर जे. जे. कलाशाळा १८५७पासून आहे. आज एचिंगचा प्रेस हाताशी असलेले, तेजाबाचा अंदाज असलेले तरुण मराठी चित्रकार महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांना माझं सांगणं आहे. पत्रे काजळी देऊन तयार करा आणि वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात जव्हारला या. विक्रमगडच्या बाजूनं एसटी चढते. राब भाजून झालेले असतील, पाऊस तोंडावर असेल. एक दिवस मोखाड्याकडे, सूर्यमाळला जा. ज्या घरात चौक काढलेला असेल तिथल्या बाईला विचारून तिची भिंत पाहा, मग बाहेर येऊन पत्र्यावर डोंगर काढा. आणि तेजाबात बुडवताना या डोंगरांवर लवकर वार्निश लावू नका. त्यांना पूर्ण वेळ द्या.